लिनक्सचा एनएफएस सर्व्हर : वेग कुठे मिळतो आणि कुठे अडतो

एका सर्व्हरवरच्या फाइल्स अनेक यंत्रांना जणू आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या वापरता याव्यात, यासाठी युनिक्सच्या जगात आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी सोय म्हणजे एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम), आणि तिचा सर्वत्र आढळणारा सर्व्हर म्हणजे लिनक्सच्या कर्नलबरोबर (प्रणालीच्या गाभ्याबरोबर) विनामूल्य मिळणारा. इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब, अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ, सॉफ्टवेअर कंपनीतील बिल्ड यंत्रे, संशोधन संस्थेतील क्लस्टर अशा ठिकाणी तो वर्षानुवर्षे चालत असतो आणि त्याच्याविषयी एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानांवर येते : "सर्व्हर स्लो झालाय." अशा सर्व्हरांची देखभाल हेच माझे रोजचे काम असल्यामुळे या लेखात मी त्याचे परीक्षण केवळ वेगाच्या अंगाने करणार आहे. माझे मत आधीच सांगतो. हे उत्पादन विश्वासार्ह आहे आणि ते जिथे संथ वाटते तिथे बहुतेक वेळा ते दिलेला शब्द पाळत असते. मात्र तो शब्द नेमका कोणता आणि त्याची किंमत किती, हे वापरणाऱ्याला समजावून सांगण्यात ते कमी पडते, आणि त्यामुळे लोक भलत्याच ठिकाणी इलाज करत बसतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. एनएफएस ही मूळची सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची १९८४ मधील निर्मिती. १९८९ मध्ये प्रमाणित झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत एका विनंतीत जास्तीत जास्त ८ केबी मजकूर जात असे आणि प्रत्येक लेखन डिस्कवर पक्के झाल्याशिवाय सर्व्हर उत्तर देत नसे. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने दोन्ही बंधने सैल केली. चौथ्या आवृत्तीने वेगवेगळ्या पोर्टांवर (नेटवर्कवरच्या क्रमांकित दारांवर) चालणाऱ्या मदतनीस सेवांचा पसारा आवरून सगळा कारभार २०४९ या एकाच पोर्टावर आणला आणि २०१६ च्या ४.२ मध्ये सर्व्हरवरच्या सर्व्हरवर फाइलची प्रत काढण्यासारख्या सोयी आल्या. पुढचे विवेचन तिसरी आवृत्ती आणि ४.२ या दोहोंच्या संदर्भात आहे, कारण प्रत्यक्षात या दोनच जास्त दिसतात.

मोठ्या फाइल्स सलग वाचणे आणि लिहिणे या कामात या सर्व्हरला नाव ठेवायला जागा नाही. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला सैद्धांतिक १२५ एमबी जाऊ शकतात. पॅकेटांवरची वेष्टने वजा केली की हातात सुमारे ११७ उरतात, आणि धडधाकट डिस्क असेल तर हा सर्व्हर त्या आकड्याच्या अगदी जवळ जातो. यासाठी काही जुळवाजुळवही करावी लागत नाही. जुन्या लेखांमध्ये आरसाइज आणि डब्ल्यूसाइज (एका विनंतीत किती मजकूर वाचायचा आणि लिहायचा) हे पर्याय ८ केबी किंवा ३२ केबी ठेवण्याचा सल्ला असतो. तो आज पाळू नये. क्लायंट (सर्व्हरच्या फाइली वापरणारे यंत्र) आणि सर्व्हर आपापसांत बोलून स्वतःच १ एमबीपर्यंतचा आकडा ठरवतात आणि हाताने लिहिलेला जुना आकडा केवळ त्यांचे पाय बांधतो. ज्या ठिकाणी दहा गिगाबिट किंवा त्याहून वेगवान नेटवर्क आहे, तिथे एकाच टीसीपी जोडणीतून सगळी वाहतूक नेणे अपुरे पडते. त्यासाठी २०१९ मधील ५.३ या कर्नलपासून एनकनेक्ट हा पर्याय आला असून त्याने एका माउंटसाठी (क्लायंटवर जोडलेल्या सर्व्हरच्या डिरेक्टरीसाठी) १६ पर्यंत जोडण्या उघडता येतात. दोन गिगाबिट केबली एकत्र बांधल्या की वेग दुप्पट होईल अशी समजूत फार पसरलेली आहे. स्विच एक टीसीपी जोडणी एकाच केबलीवर ठेवतो, त्यामुळे एका क्लायंटला एकाच जोडणीवर दुप्पट वेग कधीच मिळत नाही. एनकनेक्टच्या जोडीला स्विच आणि सर्व्हर यांवर पोर्टनिहाय वाटणी चालू केली तरच दुसरी केबल कामाला येते.

तक्रारी मात्र मोठ्या फाइलींच्या नसतातच. त्या असतात लहान फाइलींच्या ढिगाऱ्याच्या : सोर्स कोडचे संग्रह उलगडणे, नोडच्या प्रकल्पातील हजारो मॉड्यूल बसवणे, मोठ्या रेपॉझिटरीत गिट स्टेटस चालवणे, एकेका पत्राची एकेक फाइल करणारी मेलपेटी. इथे नेटवर्कची रुंदी उपयोगाची नसते, कारण एक लहान फाइल तयार करायची तरी क्लायंटला सर्व्हरकडे अनेक हेलपाटे घालावे लागतात. आधी त्या नावाची फाइल आहे का हे विचारायचे, मग ती तयार करायची, मजकूर पाठवायचा, तो डिस्कवर पक्का झाल्याची पोच घ्यायची, परवानग्या आणि वेळेची नोंद लावायची, चौथ्या आवृत्तीत शिवाय फाइल बंद केल्याचेही कळवायचे. एखाद-दोन पायऱ्या कधी एकत्र होतात, पण साधारण पाच हेलपाटे धरायला हरकत नाही. कार्यालयातल्या कार्यालयात एका हेलपाट्याला ०.२ मिलिसेकंद लागत असतील, तर वीस हजार फाइलींचे निव्वळ हेलपाट्यांचे २० सेकंद होतात. हाच सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये हलवला आणि हेलपाटा ५ मिलिसेकंदांचा झाला, तर तेवढ्याच कामाला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. आणि लीज्ड लाइन शंभराऐवजी हजार मेगाबिटची घेतली तरी त्या आठ मिनिटांतला एक सेकंदही कमी होत नाही. पुण्यातली मंडळी, मुंबईतला सर्व्हर आणि मध्ये एनएफएस अशी रचना कोणी सुचवली, तर त्यांच्यापुढे कागदावर हा गुणाकार मांडावा, एवढेच मी सांगेन.

चौथ्या आवृत्तीत अनेक क्रिया एका विनंतीत बांधण्याची सोय आहे, त्यामुळे ही अडचण सुटली असेल अशी अपेक्षा ठेवणारे निराश होतात. प्रोटोकॉलमध्ये सोय असली तरी प्रोग्राम कर्नलला एकेकच क्रिया सांगतो : उघड, लिही, बंद कर. पुढची क्रिया कोणती येणार हे कर्नलला आधी कळण्याचा मार्ग नसल्यामुळे बांधणी फार पुढे जात नाही. या दोषाचे खापर सर्व्हरवर फोडता येणार नाही, पण खरेदीचा किंवा रचनेचा निर्णय घेणाऱ्याने तो गृहीत धरला पाहिजे.

हेलपाट्यांपेक्षाही मोठा भार असतो डिस्कवर पक्के करण्याचा, आणि या सर्व्हरविषयी सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत. कोणत्या डिरेक्टरी वाटून द्यायच्या हे सर्व्हरवरच्या ज्या फाइलमध्ये लिहितात त्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये सिंक आणि एसिंक असे दोन पर्याय असतात. सिंक म्हणजे सर्व्हरने जे पक्के झाले असे सांगितले ते खरोखर डिस्कवर गेलेले असेल. एसिंक म्हणजे मेमरीत आल्याबरोबर सर्व्हर "झाले" असे सांगून मोकळा होईल. एनएफएस-युटिल्स या एनएफएससोबतच्या साधनसंचाच्या १.०.० या आवृत्तीपर्यंत एसिंक हा मूळ पर्याय होता आणि त्यानंतर सिंक झाला. सिंकची किंमत साध्या हिशेबाने कळते. मिनिटाला ७,२०० फेरे मारणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड हलण्याचा वेळ मिळवला की एकदा पक्के करण्याला ढोबळमानाने १० मिलिसेकंद धरावेत. एका फाइलीसाठी नाव तयार होणे, मजकूर जाणे आणि नोंदी बदलणे अशा तीन वेळा हे घडले, तर दहा हजार फाइलींना ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे लागतात. तेच संग्रह सर्व्हरवर प्रत्यक्ष लॉगिन करून उलगडले तर काही सेकंदांत होते, कारण तिथे सगळे मेमरीत लिहिले जाते आणि डिस्क मागाहून सवडीने भरते. ही तुलना पाहून जो तो एनएफएसला दोष देतो. वास्तविक स्थानिक डिस्कवर प्रत्येक फाइलीनंतर एफसिंक (डिस्कवर पक्के करण्याचा आदेश) करायला लावले, तर तीही तेवढीच संथ होईल.

मग एसिंक करून टाकावे का? इंटरनेटवर मिळणारे अर्धेअधिक सल्ले तेच सांगतात आणि मला ते ठामपणे चुकीचे वाटतात. तिसऱ्या आवृत्तीपासून प्रोटोकॉलमध्ये एक फार विचारपूर्वक केलेली योजना आहे. क्लायंट मजकूर पाठवतो तेव्हा सर्व्हर तो मेमरीत घेऊन लगेच पोच देऊ शकतो, पण पोचेबरोबर स्वतःची एक खूण देतो आणि क्लायंट आपल्याकडची प्रत जपून ठेवतो. नंतर क्लायंट "आता पक्के करा" असे सांगतो. सर्व्हर पक्के करतो आणि पुन्हा तीच खूण देतो. मधल्या काळात वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला असेल तर खूण बदललेली असते, ती पाहून क्लायंटला कळते की आधीचा मजकूर गेला, आणि तो जपून ठेवलेली प्रत पुन्हा पाठवतो. वापरणाऱ्याला यातले काही जाणवतही नाही. एसिंक केले की सर्व्हर "पक्के झाले" हे खोटेच सांगतो, क्लायंट त्याच्यावर विसंबून आपली प्रत टाकून देतो, आणि वीज गेल्यावर फाइलीचा काही भाग कोणाकडेच उरत नाही. शून्ये भरलेली फाइल दुसऱ्या दिवशी सापडते. त्या वेळी कोणत्याही लॉगमध्ये चूक झाल्याची नोंद नसते. पुन्हा तयार करता येणारा तात्पुरता माल, उदाहरणार्थ बिल्डच्या मधल्या फाइली, एवढ्यापुरते वेगळे एक्सपोर्ट करून एसिंक ठेवणे मी मान्य करीन. लोकांचे काम ज्यात आहे त्या डिस्कसाठी नाही.

खरा उपाय पैशांचा आहे, पण फार पैशांचा नाही. वीज गेली तरी आतल्या कपॅसिटरच्या बळावर हातातला मजकूर पुरा लिहून टाकणारे एसएसडी सर्व्हरसाठी मिळतात. अशा एसएसडीला पक्के करण्याचा आदेश मिळाला तर तो मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात उत्तर देऊ शकतो. घरगुती वापराच्या एसएसडीमध्ये ही सोय सहसा नसते, म्हणून बॉक्सवर छापलेला वेग सारखा असूनही या कामात दोघांमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो. झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांना सगळ्या डिस्का बदलण्याचीही गरज नसते. लेखनाची आगाऊ नोंद ठेवण्यासाठी असा एक एसएसडी वेगळा जोडला तरी वर सांगितलेली पाच मिनिटे फार खाली येतात. याच ठिकाणी एक इशारा द्यायला हवा. क्लायंटच्या माउंट पर्यायांतही सिंक आणि एसिंक ही नावे आहेत, पण तिथे त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे : क्लायंटवरचा एसिंक हा मूळ आणि सुरक्षित पर्याय असून तिथे सिंक लावले तर प्रत्येक लेखन ताबडतोब पाठवले जाते आणि वेग कोसळतो. सर्व्हरवरचा सल्ला वाचून क्लायंटवर सिंक लावलेली यंत्रे मी पाहिली आहेत. दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देणे हा या उत्पादनाचा निखालस दोष आहे.

आता क्लायंटच्या मेमरीकडे वळतो. लिनक्समध्ये डिस्कवर जायचा बाकी असलेला मजकूर मेमरीच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत साठू दिला जातो. ६४ जीबी मेमरीच्या वर्कस्टेशनवर हा साठा १२ जीबीच्या घरात जाऊ शकतो आणि गिगाबिट नेटवर्कवरून तो खाली व्हायला पावणेदोन मिनिटे लागतात. एनएफएसचा नियम असा की फाइल बंद करताना तिचा सगळा मजकूर सर्व्हरकडे गेलेला असला पाहिजे, म्हणजे दुसऱ्या यंत्राने ती उघडली तर ताजी दिसेल. परिणामी रेंडरिंगचा प्रोग्राम झपाझप लिहितो, प्रगतीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचते आणि मग खिडकी गोठते. त्याच वेळी कोणी त्या फाइलीचा आकार पाहायला यादी मागितली, तर यादीही अडकते, कारण खरा आकार आणि खरी वेळ सांगण्यासाठी क्लायंटला साठलेला मजकूर आधी पाठवावा लागतो. पाहणाऱ्याला वाटते सर्व्हर मेला. सर्व्हर त्या क्षणी पूर्ण वेगाने काम करत असतो. अशा यंत्रांवर साठ्याची मर्यादा टक्क्यांत न ठेवता काहीशे एमबी अशी थेट आकड्यात बांधून दिली, तर पट्टी हळू सरकते पण शेवटी गोठत नाही, आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी थांबतात.

वाचनाच्या बाजूला कॅशेचे, म्हणजे जवळ साठवून ठेवलेल्या प्रतींचे, गणित आहे. फाइलीचा आकार, वेळ, परवानग्या या नोंदी क्लायंट काही काळ स्वतःजवळ ठेवतो : साध्या फाइलींसाठी ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरींसाठी ३० ते ६० सेकंद. "मी फाइल टाकली पण शेजारच्याला दिसत नाही" ही तक्रार यातूनच येते आणि तिच्यावर उतारा म्हणून नोअ‍ॅक हा पर्याय सुचवला जातो. तो लावल्यावर नोंदींची कॅशे बंद होते, लेखनही एकेक करून पाठवले जाते आणि लाखभर फाइलींची डिरेक्टरी पाहणे असह्य होते. जिथे माल सहसा बदलत नाही, उदाहरणार्थ सामायिक सॉफ्टवेअरची किंवा संदर्भ चित्रांची डिस्क, तिथे उलट ही मुदत वाढवून दहा मिनिटांवर न्यावी. हेलपाटे लक्षणीय कमी होतात. वाचनाच्या वेळेची नोंद टाळण्यासाठी क्लायंटवर नोएटाइम लावणाऱ्यांनी ते काढून टाकावे, ती नोंद सर्व्हर ठेवतो आणि क्लायंटच्या त्या पर्यायाचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही.

सर्व्हरवर विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडांची (समांतर चालणाऱ्या कामकऱ्यांची) मूळ संख्या अनेक वर्षे ८ होती आणि एनएफएस-युटिल्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती १६ करण्यात आली. पन्नास-साठ क्लायंट असलेल्या कार्यालयाला दोन्ही आकडे अपुरे आहेत. ६४ किंवा १२८ ठेवल्याने थोडी मेमरी सोडून काही बिघडत नाही. किती थ्रेड हवेत हे कळण्यासाठी कर्नल आपली माहिती जिथे दाखवतो त्या प्रॉक फाइलसिस्टिममधील आकडेवारीत टीएच नावाची ओळ पाहावी असे जुनी पुस्तके सांगतात. त्या ओळीतला पहिला आकडा म्हणजे थ्रेडांची संख्या. पुढचे आकडे कर्नलमधून केव्हाच काढून टाकलेले असून त्यांच्या जागी केवळ शून्ये छापली जातात. ती शून्ये पाहून "थ्रेड रिकामेच आहेत" असा निष्कर्ष काढला जातो. जी आकडेवारी मोजली जात नाही तिची जागा मोकळी ठेवून शून्ये दाखवणे ही माझ्या मते वापरणाऱ्याची दिशाभूल आहे, जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत हा त्यामागचा हेतू कितीही चांगला असला तरी.

ज्याचे निदान करताना भलेभले थकतात असा एक प्रकार सविस्तर सांगण्यासारखा आहे. एका शिक्षणसंस्थेच्या लॅबमध्ये सगळे सुरळीत चालत असता मधूनच सर्व यंत्रे काही सेकंद थबकत आणि पुन्हा चालू होत. डिस्क निवांत, नेटवर्क निवांत, सर्व्हरचा प्रोसेसर निवांत. एनएफएसच्या साध्या ओळखपद्धतीत वापरकर्त्याबरोबर जास्तीत जास्त १६ गटांची यादी पाठवता येते. त्याहून जास्त गट असलेल्यांसाठी सर्व्हरला असे सांगता येते की क्लायंटने पाठवलेली यादी सोडून दे आणि प्रत्येक वापरकर्त्याचे गट तू स्वतः शोध. या संस्थेत तसे सांगितलेले होते आणि गटांची माहिती एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती नोंदवही) सर्व्हरवर होती. शोधलेली यादी काही काळ कॅशेत राहते. मुदत संपली की त्या वापरकर्त्याची पुढची विनंती एलडॅपचे उत्तर येईपर्यंत थांबते. एलडॅपच्या सर्व्हरला एका जुन्या, बंद पडलेल्या डीएनएस (नावांवरून पत्ते सांगणाऱ्या) सर्व्हरकडे आधी विचारणा करण्याची सवय लागलेली होती आणि तिथून उत्तर येत नाही हे कळायला त्याला काही सेकंद लागत. बंद डीएनएसचा पत्ता यादीतून काढला आणि थबकणे थांबले. तोपर्यंत त्या संस्थेने नवीन स्विच खरेदी करण्याची तयारी केलेली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार एनएफएसच्या बाबतीत वारंवार दिसतो, आणि त्याचे कारण हे की सर्व्हर स्वतः "मी गटांच्या माहितीसाठी थांबलो आहे" असे कुठेही ठळकपणे सांगत नाही.

नेटवर्कच्या बाजूचे दोष त्या मानाने लवकर सापडतात. यादी दिसते, लहान फाइली उघडतात, पण मोठी फाइल उघडताच सगळे लटकते, असे झाले तर एका टोकाला ९,००० बाइटांचे जम्बो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पॅकेटे, चालू आहेत आणि वाटेतल्या एखाद्या स्विचवर ते नाहीत, असे समजून तपास सुरू करावा. मुरगळलेल्या केबलीमुळे जोडणी शंभर मेगाबिटवर उतरलेली असणे हेही तितकेच नेहमीचे. आधी आयपर्फ चालवून नुसत्या नेटवर्कचा वेग पाहावा, मग सर्व्हरवर बसून नुसत्या डिस्कचा, आणि दोन्ही ठीक असतील तरच एनएफएसच्या पर्यायांना हात लावावा.

पाणी नेमके कुठे मुरते हे शोधण्याची साधने मात्र उत्तम आहेत आणि त्यांचे कौतुक केले पाहिजे. क्लायंटवर एनएफएसआयओस्टॅट चालवले की प्रत्येक माउंटसाठी दोन वेळा स्वतंत्र दिसतात : एक, विनंती तारेवर गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, आणि दुसरा, प्रोग्रामने मागितल्यापासून काम पुरे होईपर्यंतचा वेळ. पहिला ०.५ मिलिसेकंद आणि दुसरा ४० असेल, तर विनंत्या क्लायंटवरच रांगेत उभ्या आहेत आणि सर्व्हरला बोल लावण्यात अर्थ नाही. दोन्ही ४० च्या आसपास असतील, तर सर्व्हर, त्याची डिस्क किंवा वाट यांपैकी काहीतरी संथ आहे. पुन्हा पाठवलेल्या विनंत्यांचा रकाना शून्यावरून हलू लागला, तर केबल आणि स्विच तपासावेत. माउंटस्टॅट्स हे साधन याच्याही पुढे जाऊन कोणती क्रिया किती वेळा झाली हे सांगते. त्यात नोंदी विचारणाऱ्या विनंत्याच ऐंशी-नव्वद टक्के असतील तर कॅशेची मुदत वाढवावी, पक्के करण्याच्या विनंत्यांचा वेळ जास्त असेल तर डिस्क बदलावी. इतके स्पष्ट निदान करून देणारे साधन विनामूल्य मिळत असताना लोक अंदाजाने पर्याय बदलतात, याची मला खंत वाटते. यातला उणेपणा असा की ही सगळी साधने क्लायंटवर बसून पाहावी लागतात. सर्व्हरवर "कोणता क्लायंट जास्त भार टाकतो आहे" याचे इतके सरळ उत्तर मिळत नाही.

सर्व्हर अचानक बंद झाला तर क्लायंटवरचे प्रोग्राम मूळ पर्यायानुसार अनिश्चित काळ वाट पाहत राहतात. हे त्रासदायक वाटले तरी मला योग्य वाटते. त्याऐवजी सॉफ्ट हा पर्याय लावला तर ठरावीक वेळानंतर प्रोग्रामला चूक कळवली जाते, आणि ती चूक नीट न हाताळणारा प्रोग्राम अर्धवट फाइल मागे ठेवतो. चौथ्या आवृत्तीचा सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर जुन्या क्लायंटांना फाइलींवरची आपापली कुलुपे (लॉक) परत मागता यावीत म्हणून मुळात ९० सेकंदांची सवलत ठेवलेली असते, आणि तेवढ्या काळात नव्याने फाइली उघडणे थांबू शकते. देखभालीची वेळ ठरवताना हे दीड मिनिट हिशेबात धरावे.

सांबाशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेला हा सर्व्हर विंडोजच्या यंत्रांसाठी अर्थातच पहिली पसंती आहे. त्याची वेगाची दुखणी वेगळी आहेत. विंडोज फाइलींच्या नावांत लहान आणि मोठी अक्षरे सारखीच मानते, युनिक्स तसे मानत नाही. त्यामुळे नसलेले एखादे नाव विचारले गेले की लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने ते असेल का हे पाहायला सांबाला संपूर्ण डिरेक्टरी चाळावी लागते, आणि लाखभर फाइलींच्या डिरेक्टरीत हे फार महाग पडते. केवळ लिनक्सची यंत्रे असतील तर मी एनएफएसच निवडेन. मिश्र कार्यालयात दोन्ही चालवावे लागले, तर एकाच डिरेक्टरीत दोन्ही बाजूंनी लेखन होऊ देऊ नये.

हा सर्व्हर कोणी घ्यावा? माध्यम, अभियांत्रिकी आराखडे, संशोधनाची मोजमापे असा मोठ्या फाइलींचा माल असणाऱ्यांनी निःशंकपणे घ्यावा, शिवाय ४.२ आवृत्ती आणि २०२१ नंतरची कोअरयुटिल्स (प्रत काढण्यासारख्या मूळ आज्ञांचा संच) असतील तर एकाच एक्सपोर्टमध्ये प्रत काढताना मजकूर क्लायंटपर्यंत येऊन परत न जाता सर्व्हरवरच हलवला जाऊ शकतो, ही सोय दहा-वीस जीबींच्या फाइली हाताळणाऱ्यांना फार उपयोगी आहे. बिल्ड करणाऱ्यांनी सोर्स एनएफएसवर आणि बिल्डची डिरेक्टरी स्थानिक डिस्कवर ठेवावी. एसक्यूलाइटसारखा फाइलीत राहणारा डेटाबेस यावर ठेवू नये, तिथे प्रश्न वेगाच्याही आधी कुलुपांच्या खात्रीचा येतो. होम डिरेक्टरी एनएफएसवर असेल तर ब्राउझरचे प्रोफाइल मात्र स्थानिक डिस्कवर वळवावे. आणि मर्यादित अंदाजपत्रकात खर्चाचा क्रम विचारला, तर सर्व्हरमध्ये कपॅसिटरवाले एसएसडी प्रथम, वाचलेला माल कॅशेत राहावा म्हणून मेमरी दुसरी, आणि दहा गिगाबिटचा स्विच त्यानंतर; आज बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा लावला जातो.